काठ कुणाला ऐकू येतो?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि त्यानंतर दीड महिना घरच्यांनी या यंत्रापुढे बसूच दिलं नाही. पण दिवाळीपासून एक वाक्य मनात ठुसठुसतंय. ते लिहून टाकल्याशिवाय बरं वाटणार नाही. आधीच सांगून ठेवतो, आज सूर जरा चढा लागणार आहे. ज्यांच्यावर चढणार आहे ते नात्यातलेच आहेत आणि हे वाचणारही आहेत. त्यांनी राग मानू नये. मानलाच तर संक्रांतीला तिळगूळ घ्यायला करमाडला यावं, म्हणजे फिटंफाट होईल.

वाक्य असं: "दाजी, पण हे कुणाला ऐकू येतं का?"

बोलणारे आमचे मेव्हणे. पुण्यात असतात, इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, हिशेबाला पक्के. भाऊबीजेला बहिणीकडे आले होते. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत आमचा नातू स्वतः बनवत असलेल्या गिटारीला काठ बसवत होता. शेंद्र्याला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो तो, आणि उरलेला वेळ या खोलीत असतो. दिवाळीची चार दिवसांची सुट्टी त्याने या काठावर घालवली होती. मेव्हण्यांनी चष्मा वर करून ते पाहिलं, बोटाने चाचपलं आणि हे वाक्य टाकलं. पुढे म्हणाले, "चार दिवसांची मजुरी धरा. फॅक्टरीची अख्खी गिटार येईल तेवढ्यात. आणि आवाजात फरक किती? शून्य."

सगळे हसले. मीही हसलो. खरी गोष्ट ही आहे की आजचा हा लेख मेव्हण्यांच्या वाक्यामुळे नाही, माझ्या त्या हसण्यामुळे लिहितोय.

ज्यांनी गिटार फक्त सिनेमात पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. (दोन वर्षांपूर्वी मीही त्यांच्यातलाच होतो.) गिटारीचं पोट म्हणजे एक पोकळ डबा. वर एक फळी, खाली एक फळी आणि भोवती वाकवलेली बाजू. वरची फळी स्प्रूस नावाच्या हलक्या, पांढुरक्या, परदेशी लाकडाची. जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. बाजू त्याहून पातळ, दोन मिलिमीटरच्या आसपास. वरची फळी आणि बाजू जिथे भेटतात तिथे पोटाला सगळीकडून एक कड तयार होते. ही कड उघडी असते. तिथे फळीची कापलेली तोंडं दिसतात.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. या नळ्यांची तोंडं जिथे उघडी पडतात तिथून ते दमट हवा पितं आणि तिथूनच कोरडं पडतं. फळीच्या अंगातून हे होतं त्यापेक्षा तोंडातून कितीतरी पटीने लवकर होतं. पटत नसेल तर आपापल्या न्हाणीघराचं लाकडी दार आठवा. रंगाऱ्याने दाराच्या खालच्या टोकाला ब्रश लावायचा कंटाळा केला, की पावसाळ्यात दार तिथूनच फुगतं आणि तिथूनच कुजतं. वरून कितीही चकचकीत रंग असो.

ही उघडी कड झाकण्यासाठी तिथे एक खाच पाडतात आणि त्या खाचेत कठीण लाकडाची वाकवलेली पट्टी बसवतात. इंग्रजीत तिला बाइंडिंग म्हणतात. नातू पहिल्या दिवशी म्हणाला, "आबा, बाइंडिंगला मराठीत काय म्हणायचं?" मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, काठ. लुगड्याला असतो तो. पट्टीच्या आतल्या बाजूने काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा जडवतात, ती नक्षी. काठ राखणदार आणि नक्षी त्याच्या हातातलं कडं, असं समजा.

आता हे काम कसं चालतं ते मी स्टुलावर बसून पाहिलेलं आहे, म्हणून सांगण्याचा अधिकार मला थोडाफार आहे.

पहिलं काम खाचेचं. खाच दोन पायऱ्यांची. बाहेरची खोल पायरी काठासाठी, आतली उथळ पायरी नक्षीसाठी. छोट्या राऊटर मशीनने ती पाडतात. पण स्प्रूसचे रेषे सरळ धावतात आणि गिटारीची कड मात्र वळत जाते. त्यामुळे काही ठिकाणी पातं रेषांच्या कलाने चालतं आणि काही ठिकाणी रेषांच्या तोंडावर आपटतं. आपटलं की झिलपी उडते आणि फळी वाया. म्हणून एका दमात गोल फिरायचं नाही. सगळ्यात रुंद जागेपासून सुरुवात करून एकदा कमरेकडे यायचं, एकदा टोकाकडे जायचं, असे तुकडे पाडायचे. नातवाने आधी टाकाऊ लाकडावर आठवडाभर सराव केला.

इथे मला एक गोष्ट कळली ती तुम्हालाही सांगतो. खाच पाडल्यावर फळी आणि बाजू यांचा मूळ जोड जवळजवळ निघूनच जातो. मग डबा उभा कशावर राहतो? तर आतल्या अंगाला कडेने आधीच एक पट्टी चिकटवलेली असते. ठरावीक अंतरावर चिरा पाडलेली, म्हणजे ती वळणाबरोबर वळते. बाहेरचा काठ जी जागा खाऊन टाकतो तिचा भार ही आतली पट्टी घेते. ती कुणाला कधीच दिसत नाही. म्हणजे दिसणारा काठ बसवायचा ठरवला तर न दिसणाऱ्या पट्टीचा विचार महिनाभर आधी करावा लागतो. "शेवटी हौस म्हणून लावलेली सजावट" असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं.

दुसरं काम पट्टी वाकवण्याचं. चार पट्ट्या लागतात, वरच्या कडेला दोन आणि खालच्या कडेला दोन. आमच्याकडे माझ्या आईचा शिसवी पलंग होता. वाळवीने त्याचे दोन पाय खाल्ले, म्हणून तो गेली वीस वर्षं माळ्यावर पडून होता. त्याची लांब पट्टी नातवाने मागून घेतली आणि करवतून त्यातून दोन मिलिमीटर जाडीच्या फिती काढल्या. लोखंडी पाइपाचा तुकडा शिकंज्यात आवळून तापवायचा, फीत ओली करायची आणि पाइपावर हळूहळू दाबत न्यायची. घाई केली की मोडते. खोलीभर शिसवाचा गोडसर वास सुटला होता. आई जाऊन एकतीस वर्षं झाली. तिच्या पलंगाचा असा वास असेल हे मला ठाऊक नव्हतं.

तिसरं काम चिकटवण्याचं. वाकवलेली फीतही कमरेच्या वळणावर ऐकत नाही, उसळून बाहेर येते. म्हणून गोंद लावून पट्टी खाचेत बसवायची आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या फितींनी अख्खं पोट करकचून गुंडाळायचं. एकाने धरायचं, एकाने गुंडाळायचं. धरणारा मी होतो. माझा उजवा हात थोडा थरथरतो, पण धरता येतं. रात्रभर ठेवून सकाळी फिती सोडायच्या आणि मग पोलादी पत्रीने खरवडून पट्टी फळीच्या पातळीत आणायची. खरवडताना शिसवाची काळी पूड पांढऱ्या स्प्रूसमध्ये शिरून डाग पडतात, म्हणून फळीवर आधीच पॉलिशचा एक पातळ हात द्यावा लागतो. शेवटी बुडाशी जिथे दोन पट्ट्या भेटतात तिथे सांधा असा बसवायचा की नखाला लागू नये.

मेव्हण्यांना वाटतं की कारखान्यात हे सगळं मशीन करतं. बऱ्याच ठिकाणी खाच मशीन पाडतं हे खरं. पण अमेरिकेत १८३३ पासून गिटारी बनवणारी मार्टिन नावाची कंपनी आहे. तिच्या कारखान्यातही काठ चिकटवून झाला की माणूसच हाताने कापडी फीत गुंडाळतो. लाकूड वळणावर उसळलं की बोटालाच आधी कळतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ऐकू येतं का?

नाही येत. मान्य. मेव्हण्यांची बाजू मी त्यांच्यापेक्षाही चांगली मांडून दाखवतो, पुढे कुणी म्हणायला नको की मास्तरांनी सोयीचंच सांगितलं. स्पेनमध्ये अँटोनियो दे टोरेस नावाचा मोठा कारागीर होऊन गेला. आजच्या गिटारीचा घाट बराचसा त्याचाच. त्याने १८६२ साली एक गिटार बनवली, तिच्या बाजू आणि पाठ चक्क पुठ्ठ्याची ठेवली. आवाज वरच्या फळीत असतो, बाकीच्यात नाही, हे त्याला दाखवायचं होतं. ते वाद्य बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. म्हणजे आवाजच बघायचा तर काठ सोडा, पाठही पुठ्ठ्याची चालते. काठ नसलेल्या आणि उत्तम वाजणाऱ्या गिटारीही जगात आहेत. आणि काठ असला म्हणून फळी कधीच चिरणार नाही असंही नाही. उन्हाळ्यात मधल्या सांध्यातून ती चिरायची तर चिरतेच.

हे सगळं मान्य करून मी विचारतो, वाद्याला एकच प्रश्न विचारायचा असतो असं कुणी ठरवलं? आज कसं वाजतं हा एक प्रश्न झाला. वीस वर्षांनी वाजेल का, हा दुसरा. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कानाला आज ऐकू येणारच नाही. ते ऐकायला वीस वर्षं थांबावं लागतं. तुमचा कान चांगला असेल मेव्हणे, पण तो एवढा लांबचा नाही.

आम्हाला वीस वर्षंही थांबावं लागलं नाही. नातवाची ही दुसरी गिटार. पहिली गेल्या वर्षी झाली. तेव्हाही तो काठ बसवणार होता आणि तेव्हा त्याला थांबवणारा मी होतो. मी म्हटलं होतं, "अरे, पहिलीच आहे, वाजली म्हणजे झालं. नट्टापट्टा पुढच्या वेळी कर." त्याने ऐकलं. कड नुसती घासून गोल केली, वर पॉलिश दिलं आणि गिटार जालन्याला माझ्या पुतणीच्या मुलीला दिली. पोरगी खूश. मग उन्हाळा आला. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. दिवसा हवा भट्टीसारखी कोरडी आणि रात्री खोलीत वाळ्याचा कूलर, म्हणजे सगळी ओल. फळी रोज फुगत होती आणि रोज आकसत होती. त्यात एकदा गिटार उचलताना बुडाची कड फरशीला लागली. एवढीशी टवका उडाली. कठीण काठ असता तर काठाला खोक पडली असती आणि तेवढ्यावर भागलं असतं. इथे उघडी फळी होती. टवक्यापासून रेषांच्या वाटेने चीर निघाली आणि महिनाभरात तारा बांधतात त्या घोडीपर्यंत पोचली.

अक्षय तृतीयेला गिटार परत आली. त्याने ती बिनबोभाट दुरुस्त करून दिली, आतून ठिगळं लावली. मला एका शब्दानेही बोलला नाही. मीही त्याला काही बोललो नाही. पस्तीस वर्षं मुलांना "चूक झाली तर कबूल करा" म्हणून शिकवलं, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा बातम्या लावून बसलो.

आणि दिवाळीत परत हसलो.

मंडळी, आपण मराठवाड्यातली माणसं. काठाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. इथून पैठण काही लांब नाही. पैठणीचा काठ साडी विणून झाल्यावर वरून शिवलेला नसतो. दोन्ही बाजूंच्या काठांना स्वतंत्र धोटा आणि मधल्या अंगाला वेगळा. तीन धोटे एकाच वेळी चालतात आणि प्रत्येक ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरतो. म्हणून काठ आणि अंग यांचा रंग वेगळा असूनही जोड तुटत नाही. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. लग्नात पैठणी घेताना आपण आधी काठ उलटून बघतो. तिथे कुणी विचारत नाही की काठाने थंडी कमी वाजते का. मग पोराने लाकडाला काठ लावला की लगेच हिशेबाची वही का निघते?

मिरजेची गोष्ट सांगतो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. साडूंच्या ऑपरेशनसाठी मी तिथे आठ दिवस होतो, वर्ष १९९६ असावं. दुपारचा वेळ जाईना म्हणून सतारमेकर गल्लीत जाऊन बसायचो. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानी लढाया संपल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या घरातली माणसं वाद्यांकडे वळली. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेत राहत होते, त्यांच्या कानाखालून तंबोरे गेले. भोपळे यायचे पंढरपूरच्या बाजूने, लाकूड तुणीचं.

तिथे एक म्हातारे गृहस्थ तंबोऱ्याच्या तबलीच्या कडेला पांढरी पट्टी बसवत होते. भोपळ्याचं तोंड आणि वरची लाकडी तबली यांचा जोड त्या पट्टीखाली झाकला जातो. पट्टीवर टोकदार हत्याराने वेलबुट्टी कोरायची, कोरलेल्या रेघांत रंग भरायचा आणि वरचा रंग पुसून काढायचा. गळा आणि भोपळा जिथे मिळतात त्या सांध्यावर लाकडी पानं बसवायची. मी मास्तरी स्वभावाने विचारलं, "ही पानं शोभेला का?" ते मान वर न करता म्हणाले, "गुरुजी, जिथं जोड तिथं पान." मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि घरी येऊन विसरून गेलो. शिकवणाऱ्याला असं होतं. वहीत लिहिलं की कळलं असं वाटतं.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्यालाही भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात बातमी वाचली, अभिमान वाटला. तुम्हालाही वाटला असेल. पण मानांकन म्हणजे शेवटी कागद. आपला मुलगा किंवा नातू असलं काम करायला बसला की आपल्याला पोटात गोळा येतो, हे जोवर बदलत नाही तोवर तो अभिमान उसना आहे. दुसऱ्याच्या पोराने कला जपावी आणि आपल्या पोराने पॅकेज घ्यावं, हे आपलं कलाप्रेम. माझंही हेच आहे, म्हणून एवढ्या खात्रीने सांगतो.

मात्र याचा अर्थ प्रत्येक नक्षी पवित्र असाही नाही. एकेकाळी वाद्यांच्या या कडा हस्तिदंताच्या असायच्या, आपल्याकडेही आणि परदेशातही. एका तंबोऱ्याच्या कडेसाठी हत्ती मारायचा, ही शोभा नव्हे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, पुढे त्यात दुरुस्त्या होऊन १९८६ साली भारतीय आणि १९९१ साली आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. उत्तम झालं. त्याच्या जागी सेल्युलॉइड आलं. ते अमेरिकेत १८७० च्या सुमारास निघालं, बिलियर्डच्या चेंडूंना हस्तिदंत परवडेना म्हणून. हत्ती वाचवणारं प्लॅस्टिक म्हणून त्याला हात जोडावेत. पण त्याचीही खोड आहे. वर्षांनुवर्षं ते आकसत जातं आणि जुन्या गिटारींच्या नेमक्या कमरेपाशी काठ सुटून येतो. नातवाने शिसव घेतलं त्यामागे हे कारण आहे, माझ्या आईचा पलंग हे नंतरचं.

आणि एक प्रकार आहे त्याचा मला खरा संताप येतो. व्हायोलिनच्या कडेने आत दोन काळ्या रेघा दिसतात ना, त्या खऱ्या व्हायोलिनमध्ये जडवलेल्या असतात. काळी-पांढरी-काळी अशी तिहेरी पट्टी खाचेत बसवलेली असते. कडेला चीर पडली तर ती आत शिरू नये म्हणून घातलेला तो बांध आहे. स्वस्त व्हायोलिनमध्ये काय करतात ठाऊक आहे? त्या रेघा नुसत्या रंगवतात. गिटारीच्या भोकाभोवतीची नक्षीही स्टिकरची चिकटवतात. लांबून सारखंच दिसतं. मेव्हणे, तुम्ही ज्याला "आवाजात फरक शून्य" म्हणता ती वाट शेवटी या रंगवलेल्या रेघेपाशी जाते. गरजेतून आलेली शोभा काढून टाकायची, आणि गिऱ्हाईक शोभा मागतंच म्हणून तिचं चित्र चिकटवायचं. मला काठ नको म्हणणाऱ्याचा राग नाही. काठ असल्याचं सोंग करणाऱ्याचा आहे.

आता माझं स्वतःचं. हे लिहिताना बोटं अडताहेत, पण लिहितो.

आमच्या शाळेत आठवड्याला कार्यानुभवाचे तास असायचे. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, १९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालाने कार्यानुभवाची शिफारस केली. डी.एड. केलेल्या, बी.एड. केलेल्या प्रत्येक शिक्षकाने यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे. मीही लिहिलेलं आहे, झकास. आणि मग वर्षानुवर्षं हाच तास मी मराठीचा "पोर्शन" पुरा करायला वापरला. करवती, पटाश्या, रंधे कपाटात कुलूपबंद. तपासणीच्या आदल्या दिवशी पुसून टेबलावर मांडायचो. दहावीच्या निकालाचं कौतुक झालं, माझंही झालं. पण हातात हत्यार घेतलं की ज्याचे डोळे उजळायचे अशी मुलं प्रत्येक वर्गात दोन-तीन असायची. त्यांचा आठवड्यातला तेवढाच तास होता आणि तो मी काढून घेतला. माझ्या विषयासाठी घेतला म्हणून ती चोरी होत नाही असं नाही.

आणि गंमत बघा. त्याच मुलांना मी वहीत समास सोडायला लावायचो. समास न आखता लिहिलं की वही परत. एकदा एका मुलाने विचारलं होतं, "सर, समासाला मार्क असतात का?" मी त्याला बाकावर उभं केलं. समासाला मार्क नसतात. पण समास नसला की पानाची कड फाटते तेव्हा शब्द फाटतात. हे मला कागदाच्या बाबतीत कळत होतं, लाकडाच्या बाबतीत कळायला पंच्याहत्तरी आली.

आता चार दिवसांच्या मजुरीचा हिशेब. तो मी टाळणार नाही, कारण नातवाला तो टाळता येत नाही. त्याला जालन्याच्या एका संगीत शिक्षकांची ऑर्डर आली आहे, तिसऱ्या गिटारीची. त्यांनी किंमत कमी करायला सांगितली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नातू मला म्हणाला, "आबा, पुण्याचे मामाआजोबा काही चुकीचं बोलले नाहीत. हिच्यात काठ नको घालायला. तुम्ही पण हसलातच की." शांतपणे म्हणाला. त्याने शिसवाच्या उरलेल्या दोन फिती वर्तमानपत्रात गुंडाळून परत माळ्यावर ठेवल्या होत्या.

माझं हसणं त्याने गुणपत्रिकेसारखं वाचलं.

तर मेव्हणे, आणि हे वाचणारे सगळे भाऊबंद, माझं म्हणणं एवढंच आहे. नोकरी सोड असं मी त्याला सांगत नाही. शेंद्र्याची नोकरी आहे म्हणून घर चालतं आणि खोलीत दिवा जळतो. काठाचे पैसे मिळतीलच असंही मला म्हणता येत नाही. गिऱ्हाइकाला परवडत नसेल तर बिनकाठाची गिटार बनवावी लागेल आणि ती त्याने प्रामाणिकपणे बिनकाठाची म्हणून द्यावी. पण तो निर्णय त्याचा आणि गिऱ्हाइकाचा असू द्या. खोलीच्या दारात उभं राहून, चहाचा कप हातात धरून, ज्याने खाच पाडलेली नाही त्याने "उपयोग काय" विचारू नये. विचारायचंच असेल तर "हे कसं बसवतोस रे?" असं विचारावं. मुलगा अर्धा तास सांगेल. त्या अर्ध्या तासात उपयोगही कळेल.

आणि जे अजून शाळेत नोकरीला आहेत, त्यातले दोघंतिघं माझे विद्यार्थी आहेत, त्यांना विनंती. कार्यानुभवाचा तास दुसऱ्या कामाला घेऊ नका. कपाटाची किल्ली मुलांच्या हातात द्या. बोट कापेल, पट्टी बांधा.

परवा मी जालन्याच्या त्या शिक्षकांना फोन केला. नातवाला न विचारता केला, हे त्याला आवडणार नाही, पण आता लिहिलंच आहे. पहिल्या गिटारीचं काय झालं ते त्यांना सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "बघतो सर, घरी विचारून सांगतो." अजून फोन आलेला नाही. आला तर आला.

फिती मात्र मी माळ्यावरून खाली काढून त्याच्या टेबलावर ठेवल्या आहेत. माळ्यावर चढलो म्हणून सौ.ने दिवसभर बोलणी घातली. रात्री पाळी संपवून तो आला, वर्तमानपत्राची गुंडाळी पाहिली आणि काही न बोलता जेवायला बसला. जेवताना एवढंच म्हणाला, "आबा, ट्यूबच्या फिती कमी पडतील. सायकलवाल्याकडून जुन्या दोन आणून ठेवाल का?"

आणून ठेवल्या आहेत.